आठ मशीनमधल्या पाकळ्या

१

वीसपैकी आठ मशीन बंद पडली होती, आणि ती कुणी बंद पाडली हे शुभांगी गायखे येऊन पोहोचायच्या आतच ठरून गेलं होतं.

"तुम्ही फक्त सही करायची," प्राचार्य यादवराव खैरनारांनी टाईप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. "बाकी सगळं आम्ही पाहिलंय."

शुभांगीने कागद वाचला. 'खंडेनवमीच्या पूजेच्या वेळी प्रयोगशाळा सहायक कु. छाया विधाते यांच्या निष्काळजीपणामुळे संगणकांत पाणी, हळद-कुंकू व फुले जाऊन आठ नेटवर्क कार्डे जळाली. प्रत्यक्ष तपासणी केली. वरील मजकूर खरा आहे.' खाली तारीख, २१ ऑक्टोबर १९९९. त्याखाली रिकामी ओळ, तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या सहीसाठी.

तिची हत्यारांची बॅग अजून खांद्यावरच होती. एक स्क्रूसुद्धा सैल केलेला नव्हता, आणि प्रत्यक्ष तपासणी होऊन बसली होती! नाशिकरोडहून इथपर्यंत कायनेटिक हाणत ती काय सही करायला आली होती?

"सर, मी अजून मशीनचं तोंड पाहिलेलं नाही."

"अहो, घुमरे सरांनी पाहिलंय ना. संगणक विभागाचे प्रमुख आहेत ते. बाहेरच्या माणसाची सही असली की कागद पक्का होतो, म्हणून तुम्हाला बोलावलं."

प्राध्यापक घुमरे शेजारीच बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज साखरेत घोळलेला. "मला तरी कुठे बरं वाटतंय, मॅडम? माळ्याची पोर आहे, घरात नोकरी लागलेली पहिलीच. पण येत्या सोमवारी साठ मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. कुणाला तरी जबाबदार धरायलाच हवं."

ज्या पोरीबद्दल हे चाललं होतं ती दाराशी उभी होती. तेवीसेक वर्षांची, सडपातळ, रडून रडून डोळे सुजलेली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. नोटीस बोर्डावर मात्र कालच तिचं नाव लागलं होतं, 'चौकशी सुरू' म्हणून. येताजाता पोरं ते वाचत होती.

टेबलावर दुसराही कागद होता. 'माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे संस्थेचे नुकसान झाले आहे. ती चूक मला मान्य आहे. मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.' पाच वाजेपर्यंत छायाने यावर सही करायची, नाहीतर प्रकरण पोलिसांत जाणार, असा सरळ सौदा होता.

"हा कुणी टाईप केला?" शुभांगीने विचारलं.

"छायानेच," प्राचार्य सहज म्हणाले. "ऑफिसात मराठी टायपिंग तिलाच येतं."

पोरीकडून तिचाच गळफास वळून घेतला होता, आणि हा माणूस चहात बिस्कीट बुडवत होता.

"पाच वाजायला अजून सहा तास आहेत," ती उठली. "आधी मशीन उघडते. सहीचं नंतर बघू."

घुमरे सर हसले. "उघडा की! आत जे सापडलं ते मी पुडीत बांधून ठेवलंय."

२

पुडीत झेंडूच्या पाकळ्या होत्या, सुकून चोळामोळा झालेल्या.

"आठही मशीन मी प्राचार्यांच्या समोर उघडली. आठांतही ह्या निघाल्या," घुमरे म्हणाले. "आता आणखी काय पुरावा हवा?" आणि तास आहे म्हणून निघून गेले.

प्रयोगशाळा नीटनेटकी होती. भिंतीवर घुमरे सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात केलेले तक्ते लावले होते. त्यातला एक शुभांगीने जाता जाता वाचला: 'बूट रॉम. ही चिप संगणक सुरू करते. चिप असली की कार्ड कोणतेही चालते.' ती नाकातल्या नाकात हसली आणि कामाला लागली.

या मशीनमध्ये हार्ड डिस्क नव्हत्या. खर्च वाचवायला त्या काळी बऱ्याच कॉलेजांनी अशीच मशीन घेतली होती. मशीन सुरू केलं की नेटवर्क कार्डावर बसवलेली एक छोटी चिप केबलमधून कोपऱ्यातल्या सर्व्हरला हाक मारायची, सर्व्हर ओ द्यायचा, आणि मग मशीन जागं व्हायचं. हाक पोहोचली नाही तर मशीन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

तिने सात नंबरचं मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि तिथेच थांबली. नेटवर्क कार्ड सापडत नाही, असं ती ओळ सांगत होती.

"छाया, इकडे ये. ही ओळ कोण लिहितंय?"

"ती चिप लिहिते ना, ताई?"

"आणि चिप कुठे बसलीय?"

"कार्डावरच."

"मग कार्ड जळालेलं असतं तर चिपला तोंड तरी उघडता आलं असतं का? घरात बसून घर सापडत नाही म्हणतेय ही!" शुभांगीने मशीनच्या मागे बोट दाखवलं. केबलच्या खोबणीशेजारी हिरवा दिवा जळत होता. "आणि हा दिवा बघ. मेलेल्या कार्डाला दिवा लागत नाही."

छायाच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा जीव आला. "ताई, मी आतमधी कायच टाकलं नाय हो. सोमवारी सकाळी सगळी वीस मशीन उघडली, ब्लोअरनं धूळ उडवली, परत झाकणं लावली. मंग बारा वाजता प्राचार्य सरांनी पूजा केली. टोपलीभर झेंडू मीच मागवला होता, घरचाच. वरून हळद-कुंकू लावलं, वरूनच पाकळ्या वाहिल्या. पाणी तर मी खोलीतसुद्धा आणलं नाय."

"नंतर?"

"नंतर कुणी हात नाय लावायचा ना. पूजेला बसवलेलं हत्यार दसरा होईस्तोवर उचलत नाय आमच्यात. एक वाजता कुलूप लावलं, चावी ऑफिसात टांगली, वहीत सही केली. मंगळवारी दसऱ्याची सुट्टी. तिथून पुढं दोन्ही दिवस आमी सगळे फुलबाजारात होतो, दादांच्या, म्हंजे वडलांच्या गाळ्यावर. बुधवारी येऊन बघते तर आठ मशीन बंद."

शुभांगीने सात नंबरचं झाकण काढलं, कार्ड उपसून उजेडात धरलं. जळल्याचा डाग नाही, वास नाही. पातळ, हलकं, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेलं कार्ड. एका कोपऱ्यात स्टिकर नखाने खरवडून काढल्याची खूण.

"कॉलेजने असली कार्डं घेतली होती?"

छायाने कपाटातून एक लांब वही काढली. "कार्डं बसवली तेव्हा देखभालवाल्या संतोषभाऊंचा माणूस एकेका कार्डाचा नंबर ओरडून सांगत होता, मी लिहून घेत होते. घुमरे सर म्हणाले, कशाला वेळ घालवते. पण मी लिहिले."

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच बारा अक्षरांचा नंबर मिळतो, आणि जगात दुसऱ्या कार्डाला तो नंबर नसतो. शुभांगीने हातातल्या कार्डाचा नंबर वहीतल्या सात नंबरशी ताडून पाहिला. एक अक्षर जुळेना. तिने भराभर बाकीची सातही कार्डं काढली. एकाचाही नंबर वहीत नव्हता.

"कार्डं जळालीच नाहीत," ती म्हणाली. "कार्डं बदललीत."

"बदललीत?" दारातून आवाज आला. तास संपवून घुमरे सर परतले होते, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला होता. "म्हणजे ही चोरी झाली, मॅडम! आणि चावी छायाकडेच असायची. बरं झालं तुम्ही शोधलंत. आता राजीनाम्याने भागायचं नाही, आता पोलीसच."

३

आपणच त्या पोरीला आणखी खड्ड्यात लोटलं, हे शुभांगीच्या लक्षात आलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने जेवणाचा डबा उघडलाच नाही. मशीनच्या देखभालीचं काम होतं संतोष बनकरकडे, त्याला बोलावून घेतलं.

संतोष आला तो घाम पुसतच. तिशीचा, गळ्यात चेन, कमरेला पेजर. टेबलावरची आठ कार्डं पाहिली मात्र, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही तुमच्या दुकानातली आहेत?"

"कॉलेजला मी असला माल देत नाही, मॅडम. ह्याचा ड्रायव्हरच, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रामच, धड नसतो. विंडोजमध्ये घातला की मशीन लटकतं. दहातली चार परत येतात."

"कॉलेजला देत नाही. मग दुसऱ्या कुणाला दिलीत?"

संतोष चेन चाळवत म्हणाला, "गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नसतं, मॅडम. मला यात ओढू नका. पोट आहे पाठीमागे."

"आणि त्या छायाला पोट नाही?" शुभांगीचा आवाज चढला. "बरं, नाव नका सांगू. एवढंच सांगा, जुन्या कार्डावरची चिप काढून ह्या कार्डात कुणी घातली? तुम्ही?"

या प्रश्नावर मात्र संतोष खरोखरच दुखावला. "मी? चिप मी स्वतः भरतो, मॅडम! ज्या जातीचं कार्ड, त्याच जातीचा प्रोग्राम तिच्यात भरावा लागतो. ह्या कार्डात ती चिप घालायची म्हणजे भलत्याच कुलपाला भलतीच चावी. मला चोरी करायची असती तर मी चिपसुद्धा नवी भरून घातली असती. मशीन छान चालली असती आणि वर्षभर कुणाला पत्ता लागला नसता."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि तो ओशाळला. पण त्याचं म्हणणं बिनतोड होतं. हे काम अशा माणसाचं होतं ज्याला चिप काढता येते, बसवता येते, आणि तरीही ती कशी चालते हे ठाऊक नाही. शुभांगीची नजर भिंतीवरच्या घुमरे सरांच्या तक्त्याकडे गेली आणि तिथेच खिळली.

तरीही नुसत्या तक्त्यावर कुणाला धरता येत नाही. तो तक्ता छायाही रोज वाचत होती, आणि हे बोलायला घुमरे एक क्षण लावणार नव्हते.

तिने पाकळ्यांची पुडी पुन्हा उघडली. मग उठून चांगल्या चालणाऱ्या मशीनपैकी एकाचं झाकण काढलं. आत ताटासारखं स्वच्छ. दुसरं काढलं, तिसरं काढलं. बाराच्या बारा मशीन तिने उघडली. एका मशीनमध्ये चिमूटभर धूळ नव्हती, आणि पाकळी तर औषधालाही नव्हती. सगळ्यांच्या झाकणांवर मात्र सुकलेल्या पाकळ्या कुंकवाला चिकटून तशाच होत्या.

"छाया, तू झाकणं उघडलीस तेव्हा फुलं खोलीत आली होती?"

"नाय, ताई. फुलं दादा साडेअकराला घेऊन आले. तोवर झाकणं कधीचीच लावून झाली होती."

"मग वर वाहिलेली पाकळी बंद झाकणातून आत कशी उतरेल?"

संतोषने हळूच 'अरेच्चा' केलं. पाकळ्या आत जायला एकच वाट होती. पूजा झाल्यानंतर कुणीतरी झाकण उचललं होतं, तेही फक्त आठ मशीनचं. म्हणजे सोमवारी एकनंतर. तेव्हा चावी ऑफिसात होती आणि छाया फुलबाजारात, शंभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर.

ज्या पाकळ्यांनी तिला फासावर चढवायला काढलं होतं त्याच तिच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. घड्याळात मात्र पावणेचार झाले होते, आणि सोमवारी दुपारी इथे कोण आलं होतं हे अजून कुणीच सांगितलं नव्हतं.

४

फाटकावरचा पुंजा साठीचा होता. तो दिंडोरीकडचा, आणि वीस वर्षं याच स्टुलावर बसलेला.

"पुंजाबाबा, सोमवारी दुपारनंतर कोण आलं होतं?"

"कोनीच नाय, ताई. खंडेनवमीला कोन येतंय? चिटपाखरू नव्हतं."

"मंगळवारी?"

"नाय बा. फाटक मी सोडलं नाय. देवाशपथ." त्याला तिच्या उतरलेल्या चेहऱ्याची दया आली असावी. त्याने स्टुलाखालून एक खोका काढला. "घ्या, पेढा खा. सकाळपासून उपाशी दिसता."

शुभांगीने पेढा घेतला. भूक खरंच लागली होती. खाता खाता तिने सहज खोक्यावरचं नाव वाचलं. मिठाईवाला पिंपळगाव बसवंतचा होता, इथून तीस किलोमीटरवरचा.

"पिंपळगावचे पेढे तुमच्याकडे कसे?"

"घुमरे सरांनी दिले काल. वहिनींचा क्लास निघाला ना तिथं, कंपुटरचा. दसऱ्याच्या मुहूर्तावर. आमदार का कोन आले होते म्हने नारळ फोडायला." पुंजाने खोक्याच्या तळातून एक गुलाबी हँडबिल काढून दिलं. 'सौ. घुमरे संचालित. आठ अद्ययावत संगणक, नेटवर्कसह.' खाली फोन नंबर.

आठ! शुभांगी पेढा खायची थांबली.

"बाबा, नीट आठवा. सोमवारी खरंच कोणी आलं नव्हतं?"

"सांगितलं ना, कोनी नाय. बाहेरचं एक मानूस नाय." पुंजा चिडला. "घुमरे सर आलते चारच्या सुमाराला, गाडी घेऊन. पन सर म्हनजे काय कोनी हायेत का? सर तर आपलेच!"

"किती वेळ होते?"

"लय वेळ. दिवेलागणीला गेले. हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. मी म्हनलं, द्या, मी ठिवतो गाडीत. तर हातच लावू देईनात."

"हे काल कुणाला सांगितलं का नाहीत?"

पुंजाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच वेडेपणाचा होता. "मला कोनी इचारलं?"

खरंच होतं. छायाला विचारलं नव्हतं, पुंजाला विचारलं नव्हतं. ज्याच्याकडे खुर्ची नाही त्याला विचारायची या कॉलेजात पद्धतच नव्हती. शुभांगीने हँडबिल घडी करून खिशात घातलं आणि छायाची वही काखेत मारली. पाचला दहा मिनिटं कमी होती.

५

ऑफिसात राजीनाम्याचा कागद तयारच होता, त्यावर पेनही ठेवलेलं. घुमरे सर घड्याळाकडे बघत होते. छाया भिंतीला टेकून उभी होती. शुभांगीने आल्या आल्या एक खुर्ची ओढली आणि छायाला म्हणाली, "बस." छाया बसेना. "बस म्हणते ना!" तेव्हा कुठे ती टेकली.

"सर," शुभांगी प्राचार्यांना म्हणाली, "प्रत्यक्ष तपासणी आता झालीय. सांगू?"

तिने पाकळ्यांचं सांगितलं, चिपचं सांगितलं. घुमरे मध्येच म्हणाले, "हे सगळे तर्क आहेत. चिपची चूक ही मुलगीही करू शकते."

"करू शकते. तुमचाच तक्ता वाचून. म्हणून तर मी तक्त्यावर थांबले नाही. सर, सोमवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"सटाण्याला, गावी. सगळ्यांना माहितीय. सकाळच्या एस.टी.नेच गेलो."

"पुंजाबाबा तर म्हणतात, चार वाजता गाडी घेऊन आलात आणि दिवेलागणीला खोकं घेऊन गेलात."

"तो म्हातारा पितो," घुमरे म्हणाले. आवाजातली साखर आता विरघळून गेली होती.

शुभांगीने गुलाबी हँडबिल टेबलावर ठेवलं. प्राचार्यांनी ते वाचलं, भुवया उंचावून घुमऱ्यांकडे पाहिलं. "तुम्ही बोलला नाहीत, घुमरे."

"बायकोचा क्लास आहे, सर. माझा काय संबंध? आणि क्लास काढणं हा गुन्हा आहे का?"

"मुळीच नाही," शुभांगी म्हणाली. "सर, तुमचा फोन वापरते. ही वही तुम्ही धरा आणि रिसीव्हरही तुम्हीच कानाला लावा. मी फक्त नंबर फिरवते. तिकडे जी मुलगी असेल तिला सांगा, एक नंबरच्या मशीनवर स्टार्ट, मग रन, आणि मी सांगते तो शब्द एकेक अक्षर करून टाईप करायला लावा. पडद्यावर बारा अक्षरांचा नंबर येईल, तो वाचून दाखवायला सांगा."

"सर, हे काय चाललंय?" घुमरे उठले. "बाहेरची बाई येऊन..."

"बसा, घुमरे," प्राचार्य म्हणाले. इतका वेळ सह्या घेऊन मोकळं होऊ पाहणाऱ्या या माणसालाही आता उत्सुकता लागली होती.

फोन लागला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की खोलीभर ऐकू येत होता. "हा बोला, मैना बोलते. कोन हाय?"

प्राचार्यांनी नाव सांगायचं टाळलं, काम सांगितलं. मैनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ती खुशीत आली. "हा, आता चांगले चालतेत. आधीची कार्डं लय तरास देत होती. सरांनी सोमवारी रात्रीतून बदलली म्हनून बरं, न्हायतर मंगळवारी पावन्यांसमोर फजितीच होती." मग ती एकेक अक्षर वाचायला लागली. "शून्य... शून्य... सहा... शून्य..."

प्राचार्यांचं बोट छायाच्या वहीवर फिरू लागलं. एका ओळीवर थांबलं. सरकलं नाही. मैना वाचत होती, बोट पुढे जात होतं, अक्षरामागून अक्षर. बारावं अक्षर आलं तेव्हा त्यांनी रिसीव्हर कानापासून दूर केला.

"सात नंबर," ते म्हणाले. "आपलंच सात नंबर."

फोनमधून मैनाचा आवाज येत होता, "हॅलो? दुसऱ्याचा पन वाचू का?"

६

घुमरे सरांनी मग खूप काही सांगितलं. कर्ज काढून क्लास थाटला, पाहुणे ठरले, हँडबिलं वाटून झाली, आणि रविवारी कळलं की संतोषकडून स्वस्तात घेतलेल्या कार्डांचा ड्रायव्हर मशीनच लटकवतोय. मुहूर्त टळला असता तर बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. ऑफिसातली चावी त्यांनी वहीत न लिहिताच घेतली. चिप उचलून स्वस्त कार्डांत घातली की कॉलेजची मशीन चालतील, दिवाळीनंतर कार्डं आणून ठेवू, असं त्यांना वाटलं होतं. बुधवारी मशीन चालली नाहीत तेव्हा ती उघडावी लागली. आणि मग आतल्या पाकळ्या दिसल्या.

"आणि मग पोरगी दिसली," शुभांगी म्हणाली. "हे राहिलं सांगायचं."

प्राचार्यांनी घसा खाकरला. "हे बघा, जे झालं ते वाईट झालं. पण कॉलेजचं नाव आहे. घुमरे, रात्रीतून कार्डं परत आणा. छाया, तुझा राजीनामा रद्द. उद्यापासून नेहमीसारखी ये. मॅडम, तुम्ही रिपोर्टमध्ये तांत्रिक बिघाड असं लिहा, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही."

कुणाचंच नुकसान नाही! दोन दिवस त्या पोरीचं नाव बोर्डावर टांगलं, माळ्याची पोर म्हणून हिणवलं, पोलिसांची भीती घातली, आणि आता सगळं गोडीगुलाबीत! शुभांगीला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. पण तिच्याआधी छाया उठली.

"सर, मी कॉम्प्युटर चालू करू का?"

प्राचार्यांना काही कळेना. त्यांनी मान हलवली. ऑफिसातलं मशीन छायाने सुरू केलं, तेही त्याच सर्व्हरला जोडलेलं होतं. चिपने हाक मारली, सर्व्हरने ओ दिली. तिने काल टाईप केलेली फाईल उघडली. सगळे बघत होते.

"मजकूर काय बदलायची गरज नाय, सर," ती म्हणाली. "माझ्या हातून चूक झाली, संस्थेचं नुकसान झालं, चूक मान्य आहे, राजीनामा देत आहे. सगळं बरोबरच हाय. तुमीच सांगितला होता."

तिने वरचं नाव खोडलं आणि तिथे नवं नाव टाईप केलं. पद बदललं. मग प्रिंटर करकरत सुरू झाला, ओळीमागून ओळ. कागद तिने फाडून घेतला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट काढल्या, आणि घुमरे सरांच्या पुढ्यात पेनाखाली ठेवला.

"पाच वाजून गेलेत, सर," ती म्हणाली. "आणि ह्याचाच दुसरा एक कागद मी बोर्डासाठी छापते. माझं नाव होतं ना, तिथेच लावायला."

घुमऱ्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. शुभांगीने आपल्या रिपोर्टच्या रिकाम्या ओळीवर सही केली, पण त्याआधी वरचा सगळा मजकूर काट मारून खोडला आणि त्यावर स्वतःच्या हाताने खरा लिहिला. मग पेन घुमऱ्यांकडे सरकवलं.

बराच वेळ ते पेन तसंच पडून होतं. फाटकावरचा पुंजा दारातून डोकावून गेला. छाया उभीच होती, पण आता बसायला खुर्ची नाही म्हणून नव्हे. शेवटी घुमरे सरांनी पेन उचललं, आणि प्रिंटर दुसरा कागद छापायला लागला.